टिनाच्या पेटीतल्या पोथ्या आणि हरवलेले आगम

वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका तरुण दिगंबर जैन कास्तकाराचा प्रश्न आला आहे. जुने घर पाडून नवे बांधताना माळ्यावरच्या टिनाच्या पेटीत लाल कापडात बांधलेल्या तीन हस्तलिखित पोथ्या निघाल्या. त्यांचे दिवंगत आजोबा त्यांना ‘आपले आगम’ म्हणत आणि दर श्रुतपंचमीला त्यांची पूजा करीत. अकोल्याला शिकताना भेटलेला श्वेतांबर मित्र मात्र सांगतो की आगम 45 आहेत आणि ते आमच्याकडेच आहेत. गावच्या मंदिरातले पंडितजी सांगतात की आगम केव्हाच लुप्त झाले. मग पेटीत आहे ते काय, असे त्यांनी विचारले आहे आणि तिन्ही पोथ्यांच्या एकेका पानाचा फोटो सोबत जोडला आहे.

आधी निकाल सांगतो. आजोबा, मित्र आणि पंडितजी यांच्यापैकी कोणीही खोटे बोललेले नाही. मित्राच्या तोंडी ‘आगम’ हे एका ठरलेल्या यादीचे नाव आहे, पंडितजींच्या तोंडी ते गणधरांनी, म्हणजे महावीरांच्या पट्टशिष्यांनी, गुंफलेल्या मूळ बारा अंगांचे, म्हणजे ग्रंथांचे, नाव आहे, आणि आजोबांच्या तोंडी ते गुरुपरंपरेने हाती आलेल्या, वाचायच्या आणि पुजायच्या शास्त्राचे नाव होते. मी तीसेक वर्षे शाळेत अर्धमागधी शिकवली (मुले ती दहावीला गुण मिळतात म्हणून घेत, हे मला ठाऊक होते) आणि उन्हाळ्याच्या सुट्यांत खेडोपाडीच्या मंदिरांतल्या पोथ्यांच्या याद्या केल्या. एवढ्या वर्षांत ‘आमच्याकडे आगम आहे का’ हा प्रश्न मला ज्या ज्या घरात विचारला गेला, त्या प्रत्येक घरात त्या शब्दाचा अर्थ ठरवण्यापासूनच सुरुवात करावी लागली.

जैन परंपरेत शास्त्राला ‘श्रुत’ म्हणतात, म्हणजे ऐकलेले. तीर्थंकर अर्थ सांगतात आणि गणधर तो सूत्रांत गुंफतात, ही कल्पना दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही संप्रदायांना मान्य आहे. अशी बारा अंगे गुंफली गेली. पहिले आचारांग आणि बारावे दृष्टिवाद, ज्याच्या पोटात ‘पूर्व’ नावाचे चौदा ग्रंथ होते. श्वेतांबरांकडे असलेले आचारांग उघडले तर पहिलेच वाक्य भेटते, ‘सुयं मे आउसं तेणं भगवया एवमक्खायं’, म्हणजे ‘आयुष्मन्, त्या भगवंतांनी असे सांगितलेले मी ऐकले आहे’. बोलणारे गणधर सुधर्मा आणि ऐकणारे त्यांचे शिष्य जंबू, असे परंपरा मानते. ग्रंथाचा पहिला शब्दच ऐकण्याचा आहे, हे ध्यानात ठेवावे. साधूने पोथी बाळगणे हा परिग्रह, शिवाय ती बांधता-सोडताना पानांत शिरलेले जीव मरतात, म्हणून पुष्कळ शतके हे सारे मुखोद्गतच राहिले. कंठात ठेवलेली विद्या धरणाऱ्या माणसाबरोबर जाते, आणि इथेही तेच घडले.

कसे घडले ते दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने मोजून ठेवले आहे. दिगंबर पट्टावलीचा, म्हणजे गुरुपरंपरेच्या यादीचा, हिशेब असा की महावीरांच्या निर्वाणानंतर तीन केवली, म्हणजे सर्वज्ञ, 62 वर्षे झाले, त्यानंतर संपूर्ण श्रुत जाणणारे पाच श्रुतकेवली 100 वर्षे, दहा पूर्वे जाणणारे अकरा आचार्य 183 वर्षे, केवळ अकरा अंगे जाणणारे पाच आचार्य 220 वर्षे आणि शेवटी केवळ आचारांग जाणणारे चार आचार्य 118 वर्षे. बेरीज 683 होते. निर्वाण इ.स.पू. 527 धरले तर हा काळ इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या मध्याला येतो. या घटकेनंतर एकही अंग पूर्ण जाणणारा कोणी उरला नाही, उरले ते अंशाचे ज्ञान, असे दिगंबर म्हणतात. पंडितजींचे ‘लुप्त झाले’ हे शब्द या हिशेबातून आलेले आहेत.

श्वेतांबरांची गोष्टही ऱ्हासाचीच आहे, पण तिच्यात पुन्हा पुन्हा जुळवाजुळव होते. मगधात बारा वर्षांचा दुष्काळ पडला, साधू पांगले, आणि निर्वाणानंतर सुमारे 160 वर्षांनी पाटलिपुत्रात जमलेल्या संघाने ज्याला जे आठवत होते ते एकत्र केले. अकरा अंगे जुळली, बारावे जुळेना, कारण ते जाणणारे भद्रबाहू नेपाळात होते. स्थूलभद्र त्यांच्याकडे शिकायला गेले, आणि मध्येच विद्येचा दिमाख दाखवण्यासाठी बहिणींसमोर सिंहाचे रूप घेऊन बसले, म्हणून शेवटची चार पूर्वे गुरूंनी पुढे कोणाला शिकवायची नाहीत या अटीवर दिली, अशी कथा आहे. पुढे मथुरेत स्कंदिल आणि वलभीत नागार्जुन यांनी वाचना, म्हणजे पाठ जुळवण्यासाठी साधूंच्या सभा, घडवल्या. अखेर निर्वाणानंतर 980 किंवा 993 वर्षांनी, म्हणजे इ.स. 454 किंवा 467 मध्ये, देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वलभीलाच सारे लिहवून घेतले. हे दोन्ही आकडे कल्पसूत्रातच नोंदलेले आहेत. तुमच्या मित्राचे 45 म्हणजे 11 अंगे, 12 उपांगे, 10 प्रकीर्णके, 6 छेदसूत्रे, 4 मूलसूत्रे आणि नंदी व अनुयोगद्वार ही 2 चूलिकासूत्रे. त्यांच्यातलेच स्थानकवासी आणि तेरापंथी 32 मानतात, तेव्हा 45 हा आकडाही सगळ्या श्वेतांबरांचा नव्हे, हे त्याला सांगायला हरकत नाही.

बारावे अंग गेले, याबद्दल दोन्ही संप्रदायांत मतभेदच नाही. श्वेतांबरांनी अकरा अंगे राखली आणि दृष्टिवाद गेला म्हणून सोडून दिला. दिगंबरांनी अकरा अंगे गेली म्हटले, आणि त्यांचे सर्वांत जुने सिद्धांतग्रंथ मात्र नेमके त्या दृष्टिवादातूनच निघालेले आहेत असे ते मानतात. षट्खंडागम दुसऱ्या, अग्रायणीय पूर्वाच्या अंशातून आणि कसायपाहुड पाचव्या, ज्ञानप्रवाद पूर्वाच्या अंशातून आले, असे दिगंबर परंपरा सांगते. एकाच घरातले दोन भाऊ वेगळे झाल्यावर एकाकडे सातबारा राहावा आणि दुसऱ्याकडे वावराचा जुना नकाशा, तसे हे वाटते. दोघांकडचे कागद एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय जुन्या धुऱ्याचा पत्ता लागत नाही, असे माझे मत आहे, आणि ते दोन्हीकडच्या काही मंडळींना आवडत नाही.

षट्खंडागमाची कथा इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण तिचा एक धागा तुमच्या जिल्ह्यातून गेला आहे. गिरनारच्या चंद्रगुहेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांना आपल्याबरोबर ही विद्या संपेल अशी भीती वाटली. त्यांनी दक्षिणेकडच्या आचार्यांना लेख पाठवला, आणि आंध्र देशातल्या वेण्णा नदीच्या तीरावरून दोन साधू त्यांच्याकडे आले. धरसेनांनी त्यांची परीक्षा घेतली ती अशी, की दोघांना सिद्ध करण्यासाठी एकेक मंत्र दिला; एकात एक अक्षर जास्त होते, दुसऱ्यात एक कमी. मंत्र सिद्ध झाले तेव्हा एकासमोर दात पुढे आलेली देवता उभी राहिली आणि दुसऱ्यासमोर एका डोळ्याची. देवता अशा व्यंगाच्या नसतात, हे ओळखून दोघांनी मंत्रव्याकरणाच्या आधारे जास्तीचे अक्षर काढले, कमी असलेले घातले आणि पुन्हा जप केला, तेव्हा देवता आपल्या मूळ रूपात प्रकटल्या. ही कथा धवला टीकेत आलेली आहे. पोथ्यांचे काम करणाऱ्याला ती चमत्काराची वाटत नाही. पाठ शुद्ध करणाऱ्याची याहून चांगली परीक्षा मी वाचलेली नाही.

हेच दोघे पुढे पुष्पदंत आणि भूतबली म्हणून ओळखले गेले. पुष्पदंतांनी सत्प्ररूपणा या पहिल्या प्रकरणाची 177 सूत्रे रचून शिष्य जिनपालितांबरोबर भूतबलींकडे पाठवली, आणि उरलेला सारा ग्रंथ भूतबलींनी रचला. जीवस्थान, क्षुद्रकबंध, बंधस्वामित्वविचय, वेदना, वर्गणा आणि महाबंध असे त्याचे सहा खंड आहेत, आणि विषय आहे जीव कोणकोणत्या अवस्थांतून जातो व कर्म त्याला कसे बांधते याचा, जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखा काटेकोर. ग्रंथ लिहून पूर्ण झाला आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला संघाने त्याची पूजा केली, तीच श्रुतपंचमी. तुमचे आजोबा मृगाच्या तोंडावर, पेरणीच्या गडबडीत, पेटी उघडून ज्या पोथ्यांना गंधाक्षता वाहत होते, त्या पूजेचे मूळ हे आहे. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला येते. एकाने पावसाळ्याआधी पोथ्या बाहेर काढायच्या, दुसऱ्याने पावसाळा संपल्यावर, आणि दोघांचे वैरी तेच, ओल आणि कसर.

षट्खंडागमाच्या पहिल्या पाच खंडांवर वीरसेनांनी प्राकृत-संस्कृतमिश्रित धवला टीका लिहिली; ग्रंथाच्या शेवटी असलेल्या प्रशस्तीवरून तिचे संपादक हिरालाल जैन यांनी तिच्या समाप्तीचे वर्ष शके 738, म्हणजे इ.स. 816, असे ठरवले आहे. तिचे परिमाण 72,000 श्लोक सांगितले जाते. इथे ‘श्लोक’ म्हणजे पद्य नव्हे, तर बत्तीस अक्षरांचे माप. लेखकाची मजुरी याच मापाने ठरे. कसायपाहुडावरची जयधवला वीरसेनांनी सुरू केली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी शके 759 मध्ये पुरी केली.

या ग्रंथांची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, जुन्या कन्नड लिपीत, शतकानुशतके पडून होती, आणि यात्रेकरू त्यांचे केवळ दर्शन घेत. 1896 च्या सुमारास त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले, पण प्रत बाहेर जाऊ द्यायची नाही अशी तिथली अट होती. नक्कल करणाऱ्या पंडितांपैकी एकाने पत्नीच्या मदतीने घरी गुपचूप दुसरी कन्नड प्रत तयार केली. ती सहारनपूरला गेली, तिथे तिची नागरी प्रत झाली, त्या नागरी प्रतीवरून आणखी प्रती झाल्या, आणि त्यांतल्या काही आपल्या वऱ्हाडात पोहोचल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढच्या विदर्भ महाविद्यालयात, संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन यांनी 1939 मध्ये अमरावतीहूनच धवलेचा पहिला भाग प्रसिद्ध केला, आणि पुढची सुमारे 20 वर्षे चाललेले हे काम 16 भागांत पूर्ण झाले. संपादनासाठी मुख्यतः तीन प्रती होत्या: एक अमरावतीची, दुसरी बिहारातल्या आऱ्याची आणि तिसरी कारंजाच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाची. हजार वर्षांहून जुना सिद्धांतग्रंथ पहिल्यांदा छापला जाताना त्याचा ताळा तुमच्या गावापासून एसटीने जाण्याजोग्या अंतरावरच्या कारंजाच्या प्रतीशी घेतला गेला, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

याच पहिल्या भागात 93 वे सूत्र आहे. मनुष्यस्त्रीच्या गुणस्थानांविषयी, म्हणजे आत्म्याच्या उन्नतीच्या पायऱ्यांविषयी, बोलताना तिन्ही कागदी प्रतींत ते ‘संजदासंजद’, म्हणजे अंशतः संयमी, या शब्दापाशी थांबत होते. संपादकांना अर्थाच्या ओघावरून असे दिसले की पुढे ‘संजद’, म्हणजे पूर्ण संयमी, हा शब्द असायला हवा, आणि त्यांनी मूळ सूत्राला हात न लावता तळटीप दिली की इथे ‘संजद’ हा पाठ सुटलेला दिसतो. या तीन अक्षरांवरून गदारोळ उठला, कारण शब्द असेल तर स्त्रीला मुनिपदाचे गुणस्थान मिळते असा अर्थ निघतो आणि दिगंबर सिद्धांताला तो मान्य नाही. शब्द ठेवणाऱ्यांचे म्हणणे होते की सूत्रात शरीराने स्त्री असलेली अभिप्रेत नसून भावाने स्त्रीवेद, म्हणजे मनात स्त्रीभाव, असलेला जीव अभिप्रेत आहे. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताळा घेतला तेव्हा ‘संजद’ तिथे होता. कन्नड ताडपत्रावरून चोरट्या प्रतीत, तिच्यावरून नागरीत आणि तिथून पुढच्या कागदांत उतरताना कुठेतरी तो गळाला होता. आचार्य शांतिसागरांच्या प्रेरणेने हा ग्रंथ ताम्रपटांवर कोरायचे ठरले तेव्हाही हा शब्द ठेवायचा की गाळायचा यावर पंडितांत पुन्हा मोठा वाद झाला. धरसेनांनी दिलेली ती एका अक्षराची परीक्षा विसाव्या शतकात अमरावतीच्या टेबलावर पुन्हा घेतली गेली, असे मला हे प्रकरण वाचताना दर वेळी वाटते.

आता मित्राकडच्या आगमांविषयी, कारण ते आपले नाहीत म्हणून न वाचणे हा दिगंबर घरांतला जुना दोष आहे आणि मीही तिशीपर्यंत त्यातलाच होतो. आचारांगाचा पहिला श्रुतस्कंध, म्हणजे पहिला मोठा विभाग, हा भाषा आणि छंद पाहता जैन वाङ्मयाचा बहुधा सर्वांत जुना हयात भाग आहे. त्याच्या नवव्या अध्ययनात महावीरांच्या भटकंतीचे वर्णन आहे. लाढ देशातल्या खेड्यांत त्यांना आसरा मिळत नाही, लोक काठ्या मारतात, कुत्री अंगावर येतात. कुत्र्यांना हाकलणारे थोडे, आणि ‘छुच्छू’ करून या श्रमणाला चावा म्हणणारेच फार. सोयाबीनच्या राखणीला रात्री वावरात बसलेल्या कोणालाही हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. आपण आजही कुत्र्याला ‘छू’ म्हणूनच सोडतो. मोठमोठ्या स्तोत्रांतला सिंहासनावरचा महावीर या पानावर नाही. धुळीने माखलेला, उपाशी, रस्त्याच्या कडेने जाणारा माणूस आहे, आणि म्हणून मला हे अध्ययन विश्वासाचे वाटते.

दोन्ही घरांतले धान्य एकाच वावरातले आहे, याचा पुरावा हवा असेल तर तो एका गाथेत सापडतो. श्वेतांबरांच्या दशवैकालिकात शिष्य विचारतो, ‘कहं चरे कहं चिट्ठे कहमासे कहं सए’, कसे चालावे, कसे उभे राहावे, कसे बसावे, कसे झोपावे, कसे जेवावे-बोलावे म्हणजे पाप बांधले जाणार नाही? उत्तर येते, ‘जयं चरे जयं चिट्ठे’, जपून चाल, जपून उभा राहा. दिगंबरांच्या मूलाचारात, वट्टकेरांच्या ग्रंथात, हाच प्रश्न आणि हेच उत्तर आहे. केवळ ‘कहं’च्या जागी ‘कधं’ आणि ‘जयं’च्या जागी ‘जदं’ आहे. संघ फुटण्याआधीपासून साधूंच्या तोंडी असलेली ही गाथा दोघांनी आपापल्या बोलीत नेली असावी.

या ‘जयं’ आणि ‘जदं’मध्येच तुमच्या पोथ्या ओळखण्याची पहिली किल्ली आहे. संस्कृतात दोन स्वरांमध्ये आलेला ‘त’ अर्धमागधीत बहुधा गळतो आणि त्याच्या जागी ‘य’ ऐकू येतो, तर दिगंबर ग्रंथांच्या जैन शौरसेनीत त्याचा ‘द’ होतो. श्रुत हा शब्द एकीकडे ‘सुय’, दुसरीकडे ‘सुद’. भवति एकीकडे ‘होइ’, दुसरीकडे ‘होदि’. नियम शंभर टक्के पाळला जात नाही, पण पाच ओळी वाचल्या तर कल कळतो. ओळींमध्ये शब्दाशेवटी ‘उ’ फार येत असेल, ‘धम्मु’, ‘जिणु’ असे, तर ती अपभ्रंश भाषा समजावी, आणि पोथीतली रचना पुष्कळ अलीकडची.

तुमच्या पहिल्या फोटोत पान अगदी पहिले आहे आणि अक्षर सुवाच्य आहे. काठावर उंदराने कुरतडले असले तरी ओळ पुरी वाचता येते: ‘वंदित्तु सव्वसिद्धे धुवमचलमणोवमं गदिं पत्ते, वोच्छामि समयपाहुडमिणमो सुदकेवलीभणिदं’. हा आचार्य कुंदकुंदांचा समयसार आहे. ‘गदिं’, ‘सुद’, ‘भणिदं’ हे तीन ‘द’ पाहा. अर्थ असा की ध्रुव, अचल, अनुपम गतीला पोहोचलेल्या सर्व सिद्धांना वंदन करून मी श्रुतकेवलींनी सांगितलेले हे समयप्राभृत सांगेन. शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. कुंदकुंद इथे स्वतःच्या नावावर काही सांगत नाहीत, ते आपले बोलणे श्रुतकेवलींच्या मुखाशी नेऊन जोडतात. बारा अंगांच्या यादीत समयसार नाही, आणि तरी दिगंबर घरात त्याला आगम म्हणतात ते या धाग्यामुळे. आजोबांचा शब्द चुकला नव्हता. काही प्रतींत ‘धुवमचल’ऐवजी ‘धुवममल’, म्हणजे निर्मल, असा पाठ मिळतो. तुमच्या पोथीत ‘च’वर पिवळसर डाग दिसतो आहे. तो मळ नसावा, ते हरताळ असावे. लिहिण्यात चूक झाली की लेखक त्यावर हरताळ फासून वर नवे अक्षर लिहीत, आणि आपण बोलताना एखाद्या गोष्टीवर हरताळ फासला म्हणतो ते इथूनच आले. याचा अर्थ लेखकाने दोन पाठांपैकी एक आधी लिहून मग बदलला असण्याची शक्यता आहे. तिरप्या उजेडात, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून, त्याच जागेचा जवळून फोटो काढा.

दुसरी पोथी शिवलेली आहे, सुट्या पानांची नाही, तिला गुटका म्हणतात. अशा गुटक्यात रोजच्या पाठाचे सारे एकत्र असते. तुम्ही पाठवलेल्या पानाच्या वरच्या भागात निर्वाणकांड संपते आहे आणि खाली ‘मोक्षमार्गस्य नेतारं’ या मंगलश्लोकाने तत्त्वार्थसूत्र सुरू होते आहे. उमास्वामींचे हे सूत्र जैन वाङ्मयातली संस्कृतातली पहिली मोठी शास्त्ररचना, आणि थोड्या पाठभेदांसह दोन्ही संप्रदायांना मान्य असलेला हा एकमेव जुना सिद्धांतग्रंथ म्हटला तरी चालेल. दिगंबर पाठात सूत्रे 357 आणि श्वेतांबर पाठात 344 आहेत. अध्याय दहा आहेत, म्हणून दशलक्षण पर्वात रोज एक वाचतात. तुम्ही तो लहानपणी मंदिरात ऐकला असणारच. निर्वाणकांड मात्र प्राचीन आगमांपैकी नव्हे, ती नंतरची प्राकृत रचना आहे. तरीही त्यातली एक गाथा वऱ्हाडातल्या प्रत्येक जैन घराला पाठ असते, ‘अच्चलपुरवरणयरे ईसाणे भाए मेढगिरिसिहरे’. अचलपूर नगराच्या ईशान्येला मेंढगिरीच्या शिखरावर साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले, असे ती सांगते. मेंढगिरी म्हणजे मुक्तागिरी. परतवाड्याहून तिकडे जाताना दिशा पाहिली तर गाथेने दाखवलेला कोपरा बरोबर आहे.

तिसऱ्या पोथीत मराठी ओव्या आहेत आणि विषय मगधाच्या श्रेणिक राजाच्या कथेचा दिसतो. जैनांनी मराठीत लिहिण्याची परंपरा पंधराव्या शतकातल्या गुणकीर्तींच्या ‘धर्मामृता’पर्यंत मागे जाते. भाषा पाहता तुमची पोथी त्याहून बरीच नंतरची आहे, त्यामुळे प्राचीनतेच्या प्रश्नात तिला जागा नाही, पण तिघींपैकी एखादी अद्याप अप्रकाशित निघण्याची शक्यता असेल तर ती हिचीच. समयसार आणि तत्त्वार्थसूत्र शेकडो वेळा छापून झाले आहेत. गावातल्या एखाद्या श्रावकाने किंवा भट्टारकाच्या, म्हणजे दिगंबर मठाधिपतीच्या, शिष्याने रचलेल्या ओव्यांची दुसरी प्रत जगात नसूही शकते. कारंजात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही भट्टारक परंपरांची मंदिरे आणि त्यांची हस्तलिखिते आहेत. ताळा घेण्यासाठी पहिली फेरी तिथे मारावी. राय बहादुर हिरालाल यांनी 1926 मध्ये नागपूरहून प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित सूचीत कारंजाच्या पोथ्यांची नोंद आहे; हे हिरालाल धवलेच्या हिरालाल जैनांहून वेगळे. नावे या क्षेत्रात फार फसवतात. षट्खंडागमाचे पुष्पदंत वेगळे, आणि दहाव्या शतकात मान्यखेटला अपभ्रंशात महापुराण लिहिणारे महाकवी पुष्पदंत वेगळे. या दुसऱ्या पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ 1931 मध्ये कारंजा ग्रंथमालेतच छापले गेले.

काळ ठरवताना घाई करू नका. शेवटच्या पानावर ‘संवत’ असेल तर 57 वजा करावे, ‘शके’ असेल तर 78 मिळवावे, ‘वीर निर्वाण’ असेल तर 527 वजा करावे. हे सोपे वाटते. मी एका खेड्यातल्या पोथीच्या फाटक्या पुष्पिकेत, म्हणजे शेवटच्या नोंदीत, केवळ आकडा पाहिला, तो संवत समजून यादीत वर्ष लिहिले, आणि दोन वर्षांनी लक्षात आले की तो शक होता. पोथी मी एका फटक्यात 135 वर्षांनी म्हातारी करून ठेवली होती. त्याच ओळीत पुढे संवत्सराचे नाव दिलेले होते आणि ते ताडून पाहण्याचा आळस माझा. तसेच, पोथीचे वय आणि ग्रंथाचे वय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुमचा समयसार अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उतरवलेला असला तरी आतला ग्रंथ दीड हजार वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहून जुना आहे. कागद जाड आणि पिवळा आहे म्हणून ‘दोन हजार वर्षांपूर्वीची पोथी’ असे सांगत फिरणारे लोक भेटतील, त्यांना घरात बसवून चहा द्या आणि पोथी दाखवू नका.

जपणुकीचे थोडे सांगतो. लाल सुती वेष्टन ठेवा, पण ते धुऊन, पूर्ण वाळवून. पानांवर हळदकुंकू वाहायचे झाल्यास वरच्या लाकडी पाटीवर वाहा, अक्षरांवर नको. मे महिन्यात विदर्भातले प्रत्येक घर कूलरच्या वाऱ्यावर जगते, आणि पोथीला उन्हापेक्षाही तो ओला वारा अधिक मारक आहे. पेटी कूलरच्या खोलीत ठेवू नका, घासलेट किंवा डांबराच्या गोळ्या आत टाकू नका, वेखंडाच्या कांड्या कापडात बांधून कोपऱ्यात ठेवल्या तर चालतील. चिकटलेली पाने ओढू नका. फाटक्या कडेला पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. दहा वर्षांत ती पट्टी गळून पडते आणि तिच्याखालचे अक्षर सोबत नेते. आणि जीर्ण झाली म्हणून नदीत सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. अडाण नदीच्या काठच्या एका गावी मी यादी करायला पोहोचलो त्याच्या आदल्या दिवशी तिथल्या मंडळींनी दोन गोण्या पोथ्या भक्तिभावाने पाण्यात सोडल्या होत्या. काठावरच्या बाभळीला अडकलेले एक पान मिळाले, त्यावरचे चार शब्द वाचता आले, ग्रंथ कोणता ते आजवर कळलेले नाही.

तिसऱ्या पोथीचे शेवटचे पान आणि त्याच्या आधीचे पान, दोन्हींच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. ओव्या संपल्यावर लेखक बहुधा ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’ हा श्लोक लिहितो, जसे पुस्तक पाहिले तसे मी लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये; आणि त्याच्याच आगेमागे गावाचे नाव, लिहवून घेणाऱ्याचे नाव, गुरूचे नाव आणि साल येते. ती ओळ मिळाली की कारंजाला कोणत्या मंदिरात आधी जायचे ते सांगता येईल.